मुलाखतीत कोडं सुटलं, म्हणून प्रोग्रामर चांगला?

‘गटाराचं झाकण गोल का असतं?’ रत्नागिरी-चिपळूणकडची पोरं सॉफ्टवेअरच्या मुलाखतीसाठी अजून असल्या कोड्यांची उत्तरं पाठ करतात. समज असा, की कोडं झटपट सोडवणारा कामातही तरबेज निघतो.

तसं नाही. ही कोडी गाजली मायक्रोसॉफ्टमुळे. पुढे गूगलमध्येही ती विचारली जात. पण तिथले तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरच सांगितलं, की त्यावरून कामाचा काहीही अंदाज येत नाही, विचारणाऱ्याला तेवढं आपण हुशार असल्यासारखं वाटतं. (तो आनंद मात्र खरा असावा.)

त्यापेक्षा सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, गुणांचे निकष आधी ठरवा आणि रोजच्या कामातला एक तुकडा हातात द्या. समजा, हापूसच्या ऑर्डरचं ॲप आहे. रेंज गेली, गिऱ्हाइकाने बटण पुन्हा दाबलं आणि एकाच पेटीचे पैसे दोनदा कापले गेले. उमेदवार आधी लॉग (ॲपमध्ये कधी काय घडलं त्याची आपोआप होणारी नोंद) उघडतो, की थेट कोडमध्ये हात घालतो? प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक द्यावा आणि तोच परत आला तर नवी नोंद करू नये, हे सुचतं का? नाही सुचलं, तरी जरा इशारा दिल्यावर गडी कसा पुढे सरकतो, तेही पाहून घ्या.