विज्ञान बरोबर, तरी कथा खोटी

विज्ञानकथा वाचून कुणी म्हटलं, "हे काही पटलं नाही," की लगेच उत्तर येतं, "अहो, शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे ते!" असेल. पण तक्रार ती नव्हतीच.

विज्ञान बरोबर आहे का, हे तपासणं सोपं. हवेतून पाणी काढणाऱ्या यंत्राची कथा घ्या. एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत जेमतेम १० ग्रॅम बाष्प. लिटरभर पाण्यासाठी १०० घनमीटर हवा पिळायची, तीही शेवटच्या थेंबापर्यंत. छोटंसं यंत्र मिनिटात घागर भरतं असं लिहिलं तर चूक. विषय संपला. आणि खरं सांगायचं तर असली चूक राहिली तरी मी पुढं वाचतो.

लोक गल्लत करतात ती यानंतर. समजा गणित चोख आहे; दोन पानं खर्चून शास्त्रज्ञ काकांनी ते पुतण्याला समजावलंय (या काकांना आता निवृत्त करा). यंत्र भूम तालुक्यातल्या वस्तीवर बसलं, पाणी आलं, बाया हरखल्या, कथा संपली. मग टँकरवाला कुठं गेला? त्याच्या खेपा बंद झाल्या, तरी तो गप्प? लाइटबिल ग्रामपंचायत भरणार की वर्गणी काढणार? वीज रात्री दोनला आली तर घागरी घेऊन कोण जागणार? यंत्र बसवलं ते कुणाच्या दारात? यात विज्ञान कुठंच नाही, आणि कथा खोटी पडते ती नेमकी इथं.

उलट यंत्र साफ अशक्य असू द्या. टँकरवाल्यानं पहिल्याच आठवड्यात सरपंचाला गाठलं की मी लेखकाबरोबर निघालो. एक मोठी थाप मी बिनतक्रार घेतो. दुसरी घेत नाही. अडचण आली की नवं बटण काढायचं आणि 'क्वांटम' म्हणून दामटायचं, तिथं मी पुस्तक मिटतो.

"खरंच घडलंय" हा बचावही लंगडा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. कथेत नुसतं 'पाण्याची गाडी आली' म्हटलं तर थापच वाटेल. पण टाक्यांच्या वाघिणी आधी राजस्थानात, कोट्याला, वाफेनं धुऊन घेतल्या होत्या, एवढं लिहा. गाडी पटते, किती लिटर आलं ते नाही सांगितलं तरी चालतं.