ट्रॅकवरचा स्वस्तातला पिकअप आला कुठून?

पिकअप, म्हणजे गाडीचा वेग चटकन वाढणं, म्हटलं की डोळ्यांसमोर सरळ रस्ता येतो. गाडी उभी आहे, दिवा हिरवा झाला, आता ताशी १०० किलोमीटर गाठायला किती सेकंद लागतात ते बघायचं. वळणावळणाच्या ट्रॅकवर गाडी उभ्यावरून सुटते ती एकदाच, शर्यत सुरू होताना. त्यानंतर प्रत्येक फेरीत पिकअप लागतो तो वळण सुटताना, गाडी चालत असताना आणि स्टिअरिंग अजून पुरतं सरळ झालेलं नसताना. तिथे ताशी दोन-तीन किलोमीटर जास्त मिळाले, तर पुढच्या सरळपट्टीत बराच काळ ते कामी येतात. कमी खर्चात गाडी चपळ करायचे जे उपाय आज सांगितले जातात, ते दोन वेगवेगळ्या घराण्यांतून आलेत. एक सरळ पळणाऱ्यांचं, दुसरं वळणाऱ्यांचं. या दोघांची सरमिसळ झाली की खिसा रिकामा होतो आणि फेरीची वेळ तिथल्या तिथेच राहते.

सरळ पळणाऱ्यांचं घराणं अमेरिकेतलं. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या तशा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या घेतल्या, मडगार्ड उतरवली आणि कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवायला सुरुवात केली. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटनाही झाली. व्हिक एडेलब्रॉकचे मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण नेणाऱ्या नळ्या) आणि एड इस्केंडेरियनचे कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे) याच मंडळींसाठी बनू लागले. दुकानातून तयार भागांचा डबा आणायचा, बोल्ट आवळायचे आणि ताकद वाढवायची, ही सवय इथली. पण तिथे समोर मैलोन्‌मैल मोकळी जमीन होती. इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) जोरात चाललं की झालं, मधल्या आरपीएमला ते ढेपाळलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. वळणाच्या ट्रॅकवर नेमकं तिथेच अडतं. वरच्या आरपीएमसाठीच घडवलेला जहाल कॅमशाफ्ट बसवलेली गाडी हळू वळणातून बाहेर येते, आपण पाय दाबतो आणि काही क्षण नुसता आवाज होतो.

वळणाऱ्यांचं घराणं इंग्लंडमधलं, आणि माझ्या मते जास्त हुशार. ऑस्टिन सेव्हन ही ७४७ सीसीची चिमुकली गाडी १९२२ ते १९३९ इतकी वर्षं बनत होती, त्यामुळे जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा तुटवडा नव्हता. १९३९ मध्ये ७५० मोटर क्लब निघाला आणि युद्धानंतर याच गाडीच्या भागांवर आधारलेल्या स्वस्त शर्यती सुरू झाल्या. इंजिन ठरलेलं, पैसा कुणाकडेच नाही, म्हणजे डोकं चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९५१ च्या लोटस मार्क ३ मध्ये काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. ऑस्टिनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण मिश्रण आत यायची तोंडं दोनच, म्हणजे दोन सिलिंडरांना मिळून एक. शेजारच्या दोन सिलिंडरांची ओढ एकमेकांत मिसळायची आणि एकाच्या वाटचं दुसरा पळवायचा. वेगळी चार तोंडं पाडायची तर ब्लॉकच नवा ओतावा लागला असता. चॅपमनने त्याच तोंडात मधोमध पातळ पडदा घातला आणि मॅनिफोल्डही त्याला जुळेल असा केला. दोन तोंडांची चार झाली, सिलिंडरांची भांडणं मिटली आणि त्या मोसमात ती गाडी बाकीच्यांच्या हाती लागेना. पुढे नियम बदलून ही युक्ती बंद करण्यात आली. नियम करणाऱ्यांनी दिलेली यापेक्षा मोठी पावती कुठली!

चॅपमनचं दुसरं हत्यार वजन. त्याच्या नावावर सुभाषितं पुष्कळ खपतात, पण त्याच्या गाडीचा वजनकाटा त्याहून बोलका आहे. १९५७ ची लोटस सेव्हन ५०० किलोपेक्षाही कमी भरायची. सुरुवातीच्या गाड्यांत फोर्डचं साधं ११७२ सीसीचं, ४० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन असायचं. गाडी सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली की ब्रिटनमधला खरेदीकर वाचायचा, म्हणून पैशाचं गणितही बसायचं. हिशेब साधा आहे. १००० किलोच्या गाडीतून ५० किलो काढले, तर पिकअप जवळपास इंजिनाची ताकद ५ टक्के वाढवल्याइतका सुधारतो. शिवाय ब्रेक आणि टायर यांनाही तेवढंच कमी ओढावं लागतं, हा वरचा फायदा. मागची सीट, सुटं चाक आणि आवाज दाबायचे पत्रे काढायला पान्यापलीकडे काही लागत नाही. फिरणाऱ्या भागांतलं वजन तर दुहेरी त्रास देतं. चाक नुसतं पुढे न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं, म्हणून चाकातून कमी केलेला एक किलो सीटखालून काढलेल्या एका किलोपेक्षा मोलाचा.

१९६१ च्या मिनी कूपरने हीच विद्या कारखान्यात नेली. ८४८ सीसी आणि ३४ हॉर्सपॉवरच्या मिनीला शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरच्या सल्ल्याने ९९७ सीसी, दोन कार्बोरेटर, ५५ हॉर्सपॉवर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. ब्रेकचा उल्लेख मुद्दाम केला. ताकद वाढवणाऱ्यांनी थांबण्याचीही सोय केली होती, हे नंतरच्या पिढ्या सोयीस्करपणे विसरल्या.

इंजिनातून निघालेली ताकद जमिनीपर्यंत पोचवायची कशी, हे कोडं त्याआधीचं. तीसच्या दशकातल्या ऑटो युनियनच्या १६ सिलिंडरच्या शर्यतीच्या गाड्या वळणातून बाहेर पडताना एकच चाक जागेवर फिरवत बसायच्या. वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभावच तो. आतलं चाक हलकं झालं की ते भिरभिरतं, आरपीएमचा काटा उडी मारतो आणि गाडी मात्र रेंगाळते. फर्डिनांड पोर्शने झेडएफ कंपनीकडून यावर उपाय करून घेतला आणि दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल शर्यतीत आलं. १९५६ मध्ये पॅकार्डने ते रस्त्यावरच्या गाडीत दिलं. १९५८ मध्ये व्हर्नन ग्लिझमनने निव्वळ गिअरांवर चालणाऱ्या प्रकाराचं पेटंट घेतलं, तोच पुढे टॉर्सन म्हणून ओळखला गेला. लिमिटेड स्लिपचा क्लचच्या चकत्यांवर चालणारा प्रकार झिजतो आणि पुन्हा भरावा लागतो. टॉर्सनमध्ये त्या चकत्याच नाहीत. पण आतलं चाक पूर्ण हवेत गेलं तर टॉर्सन हात टेकतो.

डिफरन्शियलच्याच डब्यात बसलेला दुसरा स्वस्त उपाय म्हणजे फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा. १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ चं वजन हजार किलोच्या आत होतं आणि मागचं गुणोत्तर ४.३०. १९९४ मध्ये इंजिन १.८ लिटरचं झालं तेव्हा ते ४.१० वर आलं आणि टॉर्सनचा पर्यायही मिळू लागला. ४.१० च्या जागी ४.३० असलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सुमारे ५ टक्के वाढतो, इंजिनाला हातही न लावता. किंमत एवढीच, की प्रत्येक गिअर लवकर संपतो. लांब सरळपट्टीच्या शेवटी एक जादा गिअर बदलावा लागला, तर कमावलेलं तिथेच गमावलं. म्हणून ट्रॅक न बघता गुणोत्तर सुचवणाऱ्याचं फारसं मनावर घेऊ नये.

टर्बोची, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, कथा थोडक्यात सांगतो. रस्त्यावरच्या गाड्यांत १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायरने सुरुवात केली, पण दैनंदिन वापरात टर्बो रुळवला तो १९७८ च्या साब ९९ ने. त्यानंतर संगणक आला. १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीतला बिघाड ओळखणारी प्रमाणित यंत्रणा) सक्तीचं झालं आणि एका ठरलेल्या सॉकेटमधून इंजिनाच्या मेंदूशी बोलता येऊ लागलं. २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाचं, घरी जोडता येणारं इंजिन नियंत्रक आलं, तेव्हा कार्बोरेटरच्या जेटऐवजी (इंधनाच्या बारीक छिद्रांऐवजी) लॅपटॉपवरचे आकडे बदलणारी पिढी तयार झाली. टर्बो गाडीत नुसत्या रीमॅपने, म्हणजे हे आकडे बदलून, ताकद भरपूर वाढते, कारण हवेचा दाबच वाढवता येतो. बिनटर्बोच्या गाडीत हाच खर्च केला तर हाती लागतं ते किरकोळ. एअर फिल्टर आणि सायलेन्सरचंही तेच. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि त्यावरच मोठा बाजार उभा आहे.

२००६ मध्ये अमेरिकेत ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स ही भंगार गाड्यांची शर्यत सुरू झाली. गाडीवर ५०० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, असा तिचा मूळ नियम. सुरक्षेचं सामान, चाकं, टायर आणि ब्रेक यांचा खर्च मात्र त्यात धरत नाहीत. सवलत सुरक्षेसाठी दिलेली, पण चांगल्या टायरवर वळणात वेग टिकतो आणि पाय लवकर दाबता येतो. म्हणजे ५०० डॉलरच्या त्या गाडीत पिकअपचा मोठा वाटा हिशेबाच्या वहीत कुठे दिसतच नाही.