सुकाणू नसलेली राणी

क्वीन मेरी २ या जहाजाच्या पुढच्या उघड्या डेकवर, कप्तान जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजच्या खाली, धातूची आठ मोठी वळणदार पाती घट्ट बसवून ठेवली आहेत. कुणा शिल्पकाराकडून मुद्दाम करून घेतली असावीत, असंच पाहणाऱ्याला वाटतं. खलाशी लाडाने त्यांना ‘कमोडोरच्या कफलिंक’ म्हणतात. खरं तर ती जहाजाला चालवणाऱ्या पंख्यांची सुटी पाती आहेत. मोटारीच्या डिकीत आपण स्टेपनी ठेवतो, तसाच हा प्रकार. पाण्याखालचं एखादं पातं खराब झालं तर तेवढंच सोडवून नवं बसवता येतं. अख्खा पंखा नव्याने ओतून येईपर्यंत थांबावं लागत नाही.

प्रवासी जहाजाला स्टेपनी कशाला हवी, हे समजलं की या जहाजाच्या बाकीच्या विचित्र गोष्टींचाही उलगडा होतो. आज समुद्रावर फिरणारी बहुतेक मोठी प्रवासी जहाजं क्रूझ जहाजं आहेत. ती सहलीच्या बससारखी असतात. हवा बिघडली तर मार्ग बदलायचा, एखादं बंदर गाळायचं, उशीर झाला तरी चालतं. लायनर मात्र एसटीसारखं. ठरलेल्या दिवशी सुटायचं, ठरलेल्या दिवशी पोचायचं, मध्ये वादळ असलं तरी. इंग्लंडचं साउदम्प्टन ते न्यूयॉर्क हा सुमारे ३,१५० सागरी मैलांचा उत्तर अटलांटिकचा रस्ता हिवाळ्यात भयंकर असतो. त्या रस्त्यावर वेळापत्रकाने धावणारं प्रवासी लायनर आज जगात हे एकच उरलं आहे. लांबी ३४५ मीटर, अडीच हजारांहून जास्त प्रवासी आणि सुमारे साडेबाराशे कर्मचारी.

हे जहाज घडलं ते एका मुलाच्या हट्टातून, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. १९७२ साली क्वीन एलिझाबेथ हे जुनं लायनर हाँगकाँगच्या बंदरात जळालं. असं जहाज आता पुन्हा कधी बांधलं जाणार नाही, असं मत तेव्हा बीबीसीच्या मुलांच्या एका कार्यक्रमातर्फे मांडलं गेलं. स्टीफन पेन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला ते अजिबात पटलं नाही. त्याने नव्या लायनरचा स्वतःचा आराखडा काढून कार्यक्रमाला पाठवला आणि त्याबद्दल त्याला बिल्ला मिळाला. पुढे पेन जहाजांचे अभियंते झाले, आणि २००४ साली प्रवासाला निघालेल्या क्वीन मेरी २ चे मुख्य रचनाकार तेच. मला या जहाजाबद्दल जे प्रेम वाटतं, त्याचा मोठा भाग त्या मुलाने पाठवलेल्या आराखड्यामुळे आहे.

आता जहाजाच्या पोटाकडे वळू. पाण्याखालचा भाग ज्यात जेमतेम मावेल असा एक लांबलचक लाकडी ठोकळा डोळ्यांसमोर आणा. जहाज कोरताना त्या ठोकळ्यातला किती भाग शिल्लक राहतो, यावरून त्याचा आकार कळतो. क्रूझ जहाजात साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त भाग उरतो, म्हणजे ती जरा खोक्यासारखी असतात. खोक्यात खोल्या जास्त बसतात. क्वीन मेरी २ मध्ये फक्त ६१ टक्के उरतो. पुढचा भाग लांब, निमुळता आणि धारदार कोरला आहे. लाटेवर आपटण्याऐवजी तो तिला चिरत जातो. तळ पाण्यात सुमारे १० मीटर खोल बसतो. पोलादही नेहमीच्या क्रूझ जहाजापेक्षा जवळजवळ ४० टक्के जास्त वापरलं आहे. एवढं करून खोल्या कमी बसतात. पैशांच्या हिशेबात हे तोट्याचंच, पण इथे समुद्राचा हिशेब आधी मांडला गेला.

त्या हिशेबामागे एक ताजी आठवण होती. सप्टेंबर १९९५ मध्ये क्वीन एलिझाबेथ २ हे लायनर न्यूयॉर्ककडे जात असताना लुईस चक्रीवादळाच्या समुद्रात सापडलं, आणि सुमारे २९ मीटर उंचीची एक लाट समोर आली. लाटेचा माथा ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेच्या पातळीत होता. डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरच आपण चाललो आहोत असं वाटलं, अशा अर्थाचं वर्णन कप्तान रोनाल्ड वॉरविक यांनी नंतर केलं. जहाज तरलं. हेच वॉरविक पुढे क्वीन मेरी २ चे पहिले कप्तान झाले. (ते जुनं जहाज आज दुबईच्या बंदरात हॉटेल म्हणून उभं आहे. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी ते पाहिलंही असेल.)

म्हणून नव्या जहाजावर नाळेमागे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकामागे, डेकवर पोलादाची एक भिंत उभी केली आहे. डेकवर चढलेलं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फुटतं आणि पुढच्या खिडक्यांपर्यंत पोचत नाही. ही कल्पना पेन यांनी १९३० च्या दशकातल्या नॉर्मंडी या फ्रेंच लायनरवरून उचलली. जीवरक्षक होड्यांचीही अशीच गोष्ट. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्या पाण्यापासून साधारण १५ मीटर उंचीवर असाव्या लागतात, म्हणजे पटकन खाली सोडता येतात. अटलांटिकच्या लाटा तेवढ्या उंचीवरच्या होड्या ओरबाडून नेतील, हे पेन यांनी पटवून दिलं, आणि खास सवलत घेऊन त्या सुमारे २५ मीटरवर टांगल्या गेल्या.

बोट लागणाऱ्यांसाठी जहाजाच्या दोन्ही कुशींना मिळून चार पर आहेत, माशाच्या परांसारखेच. एरवी ते आत दुमडलेले असतात. जहाज डुलू लागलं की बाहेर येतात आणि कोन बदलत राहतात. विमानाचा पंख हवेत जसा उचलला जातो तसाच जोर हे पर पाण्यात तयार करतात, फक्त डुलण्याच्या उलट दिशेने. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जहाज जोरात चाललं की पर जास्त काम देतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट मागच्या बाजूला, पाण्याखाली आहे. या जहाजाला सुकाणूच नाही. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा लांब लोखंडी दांडाही नाही. तळाखाली चार मोठे पॉड टांगलेले आहेत, प्रत्येकाचं वजन सुमारे अडीचशे टन. प्रत्येक पॉडच्या पोटात २१.५ मेगावॅटची विजेची मोटर आहे आणि तोंडाशी पंखा. पंखा पुढे असल्यामुळे तो जहाजाला ढकलत नाही, ओढतो. त्याला जहाजाच्या पोटामागचं घुसळलेलं पाणी मिळत नाही, स्वच्छ पाणी मिळतं. पुढचे दोन पॉड पक्के बसवलेले आहेत. मागचे दोन पूर्ण गोल फिरतात, आणि वळायचं काम तेच करतात. नाळेजवळ आडवं पाणी ढकलणारे आणखी तीन पंखे आहेत. हे सगळं मिळून एवढं लांब जहाज जवळजवळ जागच्या जागी वळू शकतं.

पॉडमुळे एक अडचणही आली. ते बसवायला मागचा तळ सपाट हवा, आणि मागून येणाऱ्या लाटा सोसायला पिछाडी चमच्यासारखी गोल हवी. दोन्ही गरजा एकमेकींच्या विरुद्ध. इटालियन रचनाकार निकोलो कोस्टान्झी यांनी पूर्वी वापरलेला एक आकार इथे कामी आला, ज्यात खालचा भाग सपाट कापलेला आणि वरचा गोल असतो. मागून पाहिलं की हा जोड स्पष्ट दिसतो.

या मोटरींना लागणारी वीज जहाजावरच तयार होते. पोटात खाली चार डिझेल इंजिनं, प्रत्येकी १६.८ मेगावॅट, आणि जोडीला प्रत्येकी सुमारे २५ मेगावॅटची दोन गॅस टर्बाइनं. ही टर्बाइनं डीसी-१० विमानाच्या इंजिनाच्या वंशातली, आणि त्यांची जागा इंजिनघरात नाही. ती आहेत पार वर, धुराड्याच्या खाली, आवाज अडवणाऱ्या खोलीत. टर्बाइनला प्रचंड हवा लागते. ती तळाशी ठेवली असती तर डझनभर मजल्यांतून हवेचे रुंद बोगदे काढावे लागले असते आणि त्यात कितीतरी खोल्या गेल्या असत्या.

टर्बाइनं मात्र रोज चालत नाहीत. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ३० नॉटवर जायचं, म्हणजे वेग फक्त दीडपट, तर ताकद मात्र तिपटीहून जास्त. म्हणून रोजच्या चालीला डिझेल पुरतं, आणि वादळाने खाल्लेले तास भरून काढायचे असले की टर्बाइनं सुरू करायची. सुरुवातीला अटलांटिक सहा रात्रींत ओलांडला जायचा. आता बहुतेक वेळा सात रात्री लागतात. एका रात्रीची ही सवड इंधनाची मोठी बचत करते.

विजेवर चालणाऱ्या जहाजाचे आजारही विजेचेच. २३ सप्टेंबर २०१० च्या पहाटे, बार्सिलोना जवळ आलेलं असताना, मागच्या बाजूच्या एका विद्युत खोलीत स्फोट झाला. चारही मोटरी थांबल्या, दिवे गेले, आणि जहाज सुमारे तासभर नुसतं तरंगत राहिलं. त्या खोलीत काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मोटरीचा वेग कमीजास्त करण्यासाठी विजेचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक उपकरणं तुकड्यातुकड्यांत कापतात. त्यामुळे मूळ तरंगात नको ते उपतरंग मिसळतात, जशी बिघडलेल्या स्पीकरमधून गाण्यात खरखर मिसळते. ही खरखर गाळण्यासाठी मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, लावलेले असतात. त्यातला एक झिजत झिजत आतून बिघडला आणि फुटला. असा बिघाड वेळीच ओळखणारी यंत्रणा होती, पण ती कित्येक वर्षं बंदच पडलेली होती, असं ब्रिटिश तपासात दिसून आलं. कुणाला इजा झाली नाही. जवळ खडक असते किंवा वारा किनाऱ्याकडे असता तर हाच तासभर फार मोठा ठरला असता.

गोड्या पाण्याची सोय मला फार आवडते. रोज सरासरी ११ लाख लिटर पाणी समुद्रातूनच काढलं जातं, तेही मुख्यतः इंजिनांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. लडाखसारख्या उंचीवर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही, हे अनेकांनी अनुभवलं असेल. हीच गोष्ट इथे उपयोगाची ठरते. बंद भांड्यातली हवा काढून दाब उतरवला की समुद्राचं पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं. पहिल्या भांड्यातली वाफ थंड होताना जी उष्णता सोडते, तीच पुढच्या भांड्यातलं पाणी उकळते. एकाच उष्णतेकडून अनेकदा काम करून घेतलं जातं.

जहाजावर तारांगण आहे, हजारो पुस्तकांचं ग्रंथालय आहे. कुत्र्यामांजरांसाठी चोवीस पिंजरे आहेत आणि त्यांच्या डेकवर एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन अग्निशमन नळ, म्हणजे दोन्ही देशांतल्या कुत्र्यांची सोय.

पण घड्याळाची गोष्ट जास्त गंमतीची. न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनपेक्षा पाच तास मागे आहे. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा होतो. परतताना ते रात्री पुढे केलं तर सगळ्यांची झोप कमी होईल, म्हणून दुपारी बारा वाजले की लगेच एक वाजतो. आपल्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे पंचवीस तासांचा दिवस त्याला सहज झेपतो. विमानाने आलेला माणूस चार दिवस पेंगत असतो. जहाजाने आलेल्याला जेट लॅग म्हणजे काय हे कळतही नाही.

फ्रान्सच्या सेंट-नझेर इथल्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं. १५ नोव्हेंबर २००३ रोजी तिथे जहाजावर जाण्याचा तात्पुरता पूल कोसळला आणि १६ जणांचा जीव गेला. कामगारांचे नातेवाईक आपल्या माणसाने केलेलं काम बघायला आले होते. जहाजाबद्दल लिहिताना त्यांची आठवण वगळू नये असं मला वाटतं. याच गोदीत १९६० साली फ्रान्स नावाचं लायनर पाण्यात उतरलं होतं. ३१६ मीटरचं ते जहाज क्वीन मेरी २ येईपर्यंत जगातलं सर्वांत लांब प्रवासी जहाज होतं. ते शेवटी आपल्याकडे आलं. २००६ साली ‘ब्लू लेडी’ नावाने ते गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर लागलं, त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात लढा झाला, आणि परवानगी मिळाल्यावर तिथल्या कामगारांनी ते तुकड्यातुकड्यांनी मोडलं.

क्वीन मेरी २ चं धुराडं इतक्या मोठ्या जहाजाच्या मानाने बुटकं वाटतं. त्याला कारण न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरचा व्हेराझानो-नॅरोज पूल. जहाज त्याच्या खालून गेलंच पाहिजे, म्हणून धुराड्याची उंची पुलाने ठरवली. त्यातही हा झुलता पूल ऋतूप्रमाणे वरखाली होतो. उन्हाळ्यात पोलादी दोर तापून लांब होतात आणि रस्ता हिवाळ्यापेक्षा सुमारे १२ फुटांनी खाली येतो. डेकवरून वर बघणाऱ्याला आता धुराडं पुलाला लागणार असंच वाटतं. त्या धुराड्यावर दोन भोंगे आहेत. एक नवा, आणि दुसरा १९३० च्या दशकातल्या मूळ क्वीन मेरीचा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून उसना आणलेला. दोघांचा सूर एकच, खर्जातला, आणि तो दहा मैलांपर्यंत ऐकू जातो.