बेणं एकच, रान वेगळं

जुलै महिना, आडसाली उसाच्या लागणीचे दिवस. कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातल्या आमच्या घरी माडीच्या भिंतीवर आजोबांचं धोतर ताणून बांधलं, भाच्यानं मित्राचा प्रोजेक्टर आणला आणि आम्ही ‘मून’ पाहिला. २००९ सालचा डंकन जोन्सचा सिनेमा. चंद्रावर हेलियम-३ हा इंधनासाठीचा वायू काढणाऱ्या तळावर सॅम नावाचा कामगार तीन वर्षांच्या करारावर एकटाच राहतोय. पुढचं सांगितल्याशिवाय विषयाला हात घालता येत नाही, म्हणून ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांची क्षमा मागतो. एके दिवशी अपघात झालेल्या गाडीत सॅमला एक जखमी माणूस सापडतो, आणि तो सॅमच असतो. दोघंही क्लोन, म्हणजे एकाच माणसाच्या जनुकांच्या हुबेहूब प्रती. दोघांच्याही डोक्यात मूळ सॅमच्या आठवणी भरलेल्या.

सिनेमा संपल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, ह्यातला खरा कोण?”

मला उत्तर सुचलं नाही. ते दुसऱ्या दिवशी रानात मिळालं.

त्याआधी सिनेमाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्या गरिबीतच त्याचं शहाणपण आहे असं मला मनापासून वाटतं. ‘मून’चा खर्च सुमारे ५० लाख डॉलर. त्याच वर्षी आलेल्या ‘अवतार’चा २० कोटींच्या वर. ‘मून’मधल्या चंद्रावर धावणाऱ्या गाड्या म्हणजे टेबलावर मावतील अशी मॉडेलं. एक तळ, एक यंत्रमानव आणि जवळजवळ सगळा वेळ पडद्यावर सॅम रॉकवेल हा एकच नट. क्लोनची गोष्ट कमी पैशात जमते ती यामुळे. दुसऱ्या पात्रासाठी दुसरा नट लागत नाही, पहिलाच पुन्हा उभा करायचा. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालीच ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता दोघंही करून घेतले होते.

पण पैसे वाचले तरी अडचण उरतेच. दोन्ही सॅमचा चेहरा तोच, आवाज तोच. मग प्रेक्षकाला ते वेगळे कळायचे कसे? रॉकवेलनं ते वागण्यातून दाखवलं. तीन वर्षं एकट्यानं काढलेला सॅम थकलेला, मऊ, झाडांशी बोलणारा. नुकताच जागा झालेला सॅम तापट आणि ताठ. ते दोघं टेबल टेनिस खेळतात तो प्रसंग पाहा. जुना सॅम सराईत आहे, नव्याला धड चेंडू मारता येत नाही, कारण सरावाची तीन वर्षं त्याच्या वाट्याला आलेलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी रानात उसाचं बेणं, म्हणजे लागणीच्या कांड्या, तोडायचं काम चाललं होतं. वाण ८६०३२. त्याच्या पूर्ण नावातला ‘को’ म्हणजे कोइमतूर, कारण तो तिथल्या ऊस पैदास केंद्राचा. संकेश्वर, रायबाग, अथणी, आणि हद्दीपलीकडं कागल, शिरोळपर्यंत हा ऊस आहे. आपण ऊस बी पेरून लावत नाही. कांडी तोडतो, तिच्यावरचा डोळा मातीत फुटतो आणि मूळ उसाचंच शरीर पुढं वाढतं. नव्या वाणासाठी शास्त्रज्ञ तुऱ्यातल्या बीपासून रोपं करतात आणि त्यांतलं एक निवडतात. त्यानंतर कोट्यवधी कांड्या त्या एका रोपाच्याच. म्हणजे ८६०३२ चं प्रत्येक बेट क्लोन आहे. ‘क्लोन’ हा शब्दही डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, आणि १९०३ साली तो विज्ञानात आला तो अशाच कांडी-फांदीपासून केलेल्या झाडांसाठी.

भाचा हे ऐकून हरखला. तेवढ्यात बेणं तोडणारे आप्पा म्हणाले, “बेणं एकच असलं म्हणून काय झालं, रान वेगळं की.” नदीकाठच्या काळ्या रानातला ऊस आणि वरच्या मुरमाड माळावरचा ऊस त्यांनी शेजारी शेजारी धरून दाखवले. एकाची कांडी लांब आणि जाड, दुसऱ्याची आखूड, पेरं जवळजवळ. दोघांतली जनुकं मात्र तीच.

जनावरांत हे काम फार अवघड आहे, कारण उसासारखा डोळा जनावराच्या अंगाला नसतो. स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ ला डॉली मेंढी जन्मली. तिच्यासाठी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं, विजेच्या हलक्या झटक्यानं दोन्ही एकत्र केली आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्या मेंढीच्या पोटात वाढवला. अशी २७७ अंडी जोडली तेव्हा कुठं एक कोकरू जगलं. आपल्याकडं करनालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं म्हशीचा क्लोन केला तोही २००९ सालीच. पहिलं पारडू काही दिवसांत गेलं, मग ‘गरिमा’ जन्मली आणि जगली. हे वाचलं की सिनेमातली काचेच्या पेटीतून उठणारी तयार माणसं डोळ्यांपुढं येतात आणि फरक लख्ख दिसतो. क्लोन हा नेहमी बाळ म्हणूनच जन्मतो. चाळिशीचा क्लोन हवा असेल तर चाळीस वर्षं थांबावं लागेल.

मला सगळ्यात जास्त आवडते ती टेक्सासमधल्या मांजरीची गोष्ट. २००१ च्या डिसेंबरात तिथल्या विद्यापीठात ‘सीसी’ नावाचं पिल्लू जन्मलं, मांजराचा पहिला क्लोन. तिची मूळ मांजर ‘रेनबो’ तीन रंगांची होती, आणि तिच्या अंगावर नारिंगी ठिपके होते. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा केसही नव्हता. चूक झाली नव्हती. मांजरात नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मादीत अशी दोन गुणसूत्रं असतात. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यांतलं एक बंद करते. कुठल्या पेशीत कुठलं बंद होईल हे नशिबावर असतं, पण एकदा ठरलं की त्या पेशीच्या सगळ्या वंशात तेच राहतं. म्हणून तीन रंगांची मांजर ठिगळं जोडल्यासारखी दिसते. सीसी ज्या पेशीपासून झाली तिच्यात नारिंगीचं गुणसूत्र बंद होतं, आणि ते बंदच राहिलं. सगळी जनुकं हाताशी असूनही मूळ मांजरीचा रंग उतरला नाही.

कातडीच्या रंगाची ही गत, तर मनाचं काय? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि जनुकं २० हजारांच्या आसपास. आठवण राहते ती चेतापेशींच्या एकमेकींशी जुळलेल्या सांध्यांत, आणि ते सांधे जगताना घट्ट किंवा सैल होतात. डीएनएमध्ये बायकोचा चेहरा किंवा लहानपणीचं अंगण लिहिलेलं नसतं. म्हणून ‘मून’मध्ये आठवणी वेगळ्या भराव्या लागतात, आणि ती करामत आज कुठल्याही प्रयोगशाळेला येत नाही. सिनेमातले क्लोन तीन वर्षांत खंगतात, त्यालाही विज्ञानात आधार नाही. डॉलीच्याच पेशींच्या साठ्यातून नंतर केलेल्या चार मेंढ्या २०१६ साली तपासल्या तेव्हा त्या वयाच्या मानानं धडधाकट होत्या. कथेची ती सवलत मी आनंदानं देतो. कारण जगलेल्या दिवसांनी माणूस वेगळा होतो, ही मुख्य गोष्ट सिनेमानं अचूक पकडली आहे.

पैसे कमी असले की दिग्दर्शकाला माणसाच्या वागण्याकडंच वळावं लागतं. २०१३ चा ‘कोहेरन्स’ दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित झाला. त्यात क्लोन नाहीत, पात्रांना हुबेहूब त्यांच्यासारखीच दुसरी माणसं भेटतात. नटांना लिहिलेली पटकथा नव्हती, रोज ज्याच्या त्याच्या पात्रापुरत्या सूचनांची चिठ्ठी मिळायची. शेजारच्याला काय ठाऊक आहे हे कुणालाच माहीत नसे. एवढ्यावर भीती उभी राहते.

त्या रविवारी भाच्याला घेऊन आईच्या जुळ्या मावश्यांकडं गेलो. एकीला गडहिंग्लजला दिली, दुसरीला हुक्केरीकडं. अंतर तासाभराचं, मधे राज्याची हद्द. दोघींना चष्मा जवळपास एकाच वर्षी लागला, चालतानाचा उजवा खांदा दोघींचा खाली. लांबून मला आजही ओळख पटत नाही. हुक्केरीची मावशी गडहिंग्लजला आली होती आणि दोघी भाकरीसाठी पीठ मोजत होत्या. एक हळूच पुटपुटत होती, “एक, दोन, तीन.” दुसरी पातेल्यात मापटं ओतत होती, “ओंदु, एरडु, मूरु.”

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तो चुलीपाशी जाऊन बसला आणि हुक्केरीच्या मावशीला चारच्या पुढं काय म्हणतात ते विचारू लागला.