नॅव्ह १.७ की नॅव्ह १.८? गोष्ट एकाची, गोळी दुसऱ्याची

३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या पेनकिलरला मान्यता मिळाली. व्हर्टेक्स कंपनीची गोळी, बाजारातलं नाव जर्नाव्हॅक्स. आता हिच्याबद्दल बोलायला बसलं की हमखास पाकिस्तानातल्या त्या मुलाची गोष्ट निघते, ज्याला दुखणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्याचं जीन सापडलं आणि त्यावरून ही गोळी निघाली. तसं नाहीये. त्या मुलाच्यात बंद होतं ते नॅव्ह १.७ आणि गोळी बंद करते ते नॅव्ह १.८. दोन्ही सोडियम चॅनल, दोन्ही दुखण्याच्या नसांमधे, नंबर पण शेजारचे, मग गल्लत होणारच.

आधी थोडक्यात चॅनल काय ते. न्यूरॉनच्या, म्हणजे मज्जापेशीच्या, आवरणात प्रोटीनची बारीक दारं असतात, ती उघडली की सोडियम आत घुसतं आणि विजेचा सिग्नल पुढे सरकतो, सोडियमचं हे गणित हॉजकिन आणि हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मधे स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर काम करून मांडलं. माणसात अशी नऊ सोडियम चॅनल्स आहेत, १.१ पासून १.९ पर्यंत. १.५ हृदयात, १.४ स्नायूंत, १.१, १.२ आणि १.६ मेंदूत. डेंटिस्ट दाढ काढताना लिडोकेनचं इंजेक्शन देतो ना, ते यातलं काहीच निवडत नाही, समोर येईल ते चॅनल बंद, म्हणून दाढेबरोबर ओठही बधिर. तेवढ्या भागापुरतं ठीक आहे, पण तोच जोर अख्ख्या अंगात पोचला तर हृदय आणि मेंदू दोन्ही गोत्यात. त्यामुळे सगळी धडपड ही की फक्त दुखण्याच्या नसांतलं एकच चॅनल पकडायचं.

१.७ ची गोष्ट खरंच जबरदस्त आहे. उत्तर पाकिस्तानातला एक दहा वर्षांचा मुलगा, रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, हातात सुरी खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आधीच छपरावरून उडी मारून गेला बिचारा. उत्तर पाकिस्तानातल्याच तीन कुटुंबांमधे अशीच माणसं सापडली आणि २००६ मधे कळलं की त्यांचं एससीएन९ए हे जीन बिघडलंय, म्हणजे १.७ चॅनल बनतच नाही. त्याच्या दोन वर्षं आधी चीनमधल्या संशोधकांनी बरोबर उलटी केस दाखवली होती, हेच जीन जास्त तापट झालं की हातपाय लालबुंद होऊन भाजल्यासारखे जळतात. एकच चॅनल, बंद तर दुखणं शून्य, जास्त चालू तर आगडोंब. औषध कंपन्या यावर तुटून नाही पडल्या तरच नवल.

१.८ कडे असली नाट्यमय गोष्ट नव्हती. १९९६ मधे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधे जॉन वुडच्या टीमने उंदरांच्या संवेदी न्यूरॉनमधून ते वेगळं काढलं. फुगू माशाच्या विषाने १.७ ठप्प होतं, १.८ ला ढिम्म फरक पडत नाही.

कामातला फरक असा समजा: बंद पडलेली गाडी धक्का मारून चालू करताना मागून ढकलणारी माणसं म्हणजे १.७, आणि मग धडधडत सुरू होणारं इंजिन म्हणजे १.८. १.७ बारीकसारीक सिग्नल वाढवून वाढवून उंबरठ्यापर्यंत आणतं, त्यानंतर जो मोठा झटका उठतो त्यातला बराचसा सोडियम १.८ मधून येतो. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला ग्रासहॉपर माऊस हा उंदीर तर दोन्ही एकदम दाखवतो. तिथल्या बार्क विंचवाचं विष १.७ ला चालू करून जीवघेणं दुखवतं, पण या उंदराचं १.८ थोडं वेगळं आहे, विष त्यालाच चिकटून त्याला बंद पाडतं, सिग्नल तिथेच विझतो आणि हा पठ्ठ्या नांगी खाऊनही आरामात विंचू खातो. हे २०१३ मधे छापून आलं. माझ्या मते पाकिस्तानच्या मुलापेक्षा या गोळीशी जास्त नातं या उंदराचंच.

मग १.७ ची औषधं का फसली? फायझरचं एक औषध डायबेटिसमुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यावर तपासलं, प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, म्हणावा असा फरक नाही, आणि नसांच्या दुखण्यावरच्या जुन्या प्रीगाबॅलिन औषधापेक्षाही कमी. एक कारण २०१५ मधे पुढे आलं. जन्मापासून १.७ नसलेल्या एका बाईला नॅलॉक्सोन दिलं, म्हणजे अफूजन्य औषधांचा असर उतरवणारं औषध, आणि तिला चक्क दुखायला लागलं. म्हणजे १.७ नसलेलं शरीर स्वतःचंच अफूसारखं द्रव्य जास्त बनवत असतं. गोळीने चॅनल अर्धवट बंद केलं तर ही सोय कुठून येणार. शिवाय ही माणसं वासही घेऊ शकत नाहीत, कारण नाकातल्या न्यूरॉनला १.७ लागतंच.

१.८ मुख्यतः मेंदूबाहेरच्या संवेदी नसांमधे असतं, म्हणून ते बंद केलं तर गुंगी नको, ओपिऑइडसारखं, म्हणजे अफूजन्य औषधांसारखं, व्यसन नको, हा हिशोब. सुझेट्रिजिन बाकीच्या सोडियम चॅनल्सपेक्षा १.८ ला ३१,००० पटींहून जास्त निवडून पकडतं. पोटाची चरबी काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड काढण्याच्या ऑपरेशननंतर प्लासिबोपेक्षा दुखणं कमी झालं, आणि मान्यता मिळाली ती मोठ्यांच्या मध्यम ते तीव्र, तात्पुरत्या दुखण्याला. पण हायड्रोकोडोन हे ओपिऑइड आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडगोळीला ते मागे टाकू शकलं नाही, आणि २०२५ मधे बाजारात आलं तेव्हा किंमत एका गोळीला साडेपंधरा डॉलर.

जुनाट दुखण्याचं अजून अधांतरीच आहे. सायटिकासारख्या दुखण्यावरच्या ट्रायलमधे दहाच्या स्केलवर सुझेट्रिजिनने साधारण दोनाने आराम दिला, पण प्लासिबो घेतलेल्यांनाही जवळपास तेवढाच. व्हर्टेक्सचंच पुढचं १.८ वालं औषध, व्हीएक्स-९९३, ऑगस्ट २०२५ मधे ऑपरेशननंतरच्या दुखण्यावरच आपटलं.