स्क्रम एकटं पुरत नाही

रोजची १५ मिनिटांची बैठक चुकत नाही, स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या काही आठवड्यांचा कामाचा टप्पा, वेळेवर संपतो, तरी प्रत्येक नव्या आवृत्तीत जुनं काहीतरी मोडतंच. अशा सॉफ्टवेअर टीम पुष्कळ आहेत, आणि त्या कष्टांत कमी पडतात असं मुळीच नाही. काम कधी ठरवायचं, कधी दाखवायचं, कधी मागे वळून पाहायचं, हे स्क्रम, म्हणजे टीमचं काम आखण्याची एक पद्धत, सांगतं. कोड कसा लिहायचा हे मात्र ते टीमवर सोडतं.

ती उणीव एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग भरून काढतं. केंट बेक यांनी १९९० च्या दशकात क्रायस्लरच्या पगार-प्रणालीवर काम करताना ही पद्धत घडवली. आधी चाचणी लिहायची, मग ती पास होण्यापुरता कोड. प्रत्येकाने आपला बदल रोज मुख्य कोडमध्ये मिसळायचा आणि लगेच सगळ्या चाचण्या चालवायच्या. मला यातलं जोडीनं कोड लिहिणं सर्वांत मोलाचं वाटतं. चूक जागच्या जागी सापडते, शिवाय कोडची माहिती एकाच्याच डोक्यात अडकून राहत नाही.

कानबान टोयोटाच्या कारखान्यांतून आलं. एका वेळी किती कामं हाती घ्यायची याला ते मर्यादा घालतं. त्यामागचं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलं: हाती असलेल्या कामांना आठवड्यात पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं, की एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात ते कळतं. २० कामं सुरू आहेत आणि आठवड्याला ५ संपतात, तर प्रत्येकाला सरासरी ४ आठवडे. संपण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामं १० वर आणली, तर २ आठवडे. कुणी जास्त तास राबलं नाही, तरी वाट पाहणं निम्म्यावर आलं! शिवाय मर्यादा भरली की नवं काम घेता येत नाही. मग कोड लिहिणारा आपसूक चाचणीत अडकलेल्या सहकाऱ्याच्या मदतीला जातो. सहकार्यासाठी वेगळी बैठक बोलवावी लागत नाही.

अशी सरमिसळ म्हणजे नियमभंग नव्हे. २००१ मध्ये यूटामधल्या स्नोबर्ड इथे अजाइलचा, म्हणजे लहान टप्प्यांत बदल सामावत सॉफ्टवेअर बनवण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिणारे १७ जण मुळात वेगवेगळ्या पद्धतींचेच होते.

मात्र सगळं एकदम आणू नये. जुने बग (कोडमधल्या चुका) परतत असतील तर चाचण्यांपासून सुरुवात करावी, कामं तुंबत असतील तर मर्यादेपासून. आणि स्प्रिंटच्या शेवटच्या आढाव्यात दोनच आकडे पाहावेत: एका कामाला किती दिवस लागले आणि किती बग परतले.