डॉक्सी, माळवद आणि परभणीचं ऊन

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मामाला ताप आला तो पंधरा दिवस जाईचना. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण ओलं व्हायचं, कंबर आणि गुडघे तर असे धरले की शेळ्यांचं दूध काढायला बसता येईना. टायफॉइड म्हणून सलाईन लावून झाले, मलेरियाची टेस्ट पण झाली. शेवटी एका डॉक्टरनं विचारलं, घरी जनावरं किती? तेव्हा निघालं की महिनाभरापूर्वी एक शेळी गाभडली होती आणि तिची अडकलेली वार मामानं उघड्या हातानं काढली होती. रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलोसिस आला. जनावरांकडून माणसाला होणारा आजार आहे हा, गाभडलेल्या जनावराच्या वार-रक्तातून नाहीतर कच्च्या दुधातून येतो.

औषध काय, तर डॉक्सीसायक्लिन (म्हणजे डॉक्सी, जंतूंवरचं अँटिबायोटिक) १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ आणि सोबत रिफाम्पिसिन, पूर्ण सहा आठवडे. इतके दिवस कामून, असं मामीनं पण विचारलं. हे जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतात, डॉक्सी त्यांचा प्रोटीन बनवायचा कारखाना बंद पाडते पण त्यांना झटक्यात मारत नाही, म्हणून ताप आठवड्यात उतरला तरी गोळी सोडायची नाही, सोडली की आजार उलटतो. रिफाम्पिसिननं लघवी लालसर-केशरी होते, हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्याच बंद करतो.

आता खरी गोष्ट. मामा उन्हाळ्यात माळवदावर झोपतो. एका रात्री वर गेल्यावर गोळी आठवली, कॅप्सूल तोंडात टाकली, घोटभर पाण्यानं गिळली आणि लगेच आडवा झाला. सकाळी भाकरीचा घास उतरेना, छातीच्या मधोमध अशी कळ की सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅकच आला, गाडी करून पळवलं. ईसीजी साफ निघाला. झालं असं होतं की कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटली आणि तिथंच विरघळली. डॉक्सी पाण्यात विरघळली की आम्लासारखी होते, नाजूक कातडीवर जखमच करते. चार-पाच दिवस पातळ वरण, ताक आणि अॅसिड कमी करायची गोळी यावर काढले, मग बरं वाटलं. म्हणून डॉक्सी बसून घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर, जेवणानंतर, आणि पुढचा अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. माझ्या मते हे एक वाक्य प्रत्येक मेडिकलवाल्यानं गोळी देताना बोललंच पाहिजे.

दुसरं ऊन. डॉक्सीवर असताना कातडी उन्हाला नेहमीपेक्षा लवकर भाजते, आणि परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर. मामाची मान आणि हाताचे पंजे दोन तासात लाल झाले, नंतर साल निघाली. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला आणि मानेला उपरणं, रानातलं काम सकाळी लवकर, एवढं सांभाळलं मग त्रास नाही झाला.

रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम, अॅसिडिटीचं पातळ औषध हे डॉक्सीला पोटातच बांधून टाकतात, मग ती रक्तात नीट जातच नाही, म्हणून मध्ये दोन-तीन तासांचं अंतर पाहिजे. मळमळ, जुलाब होऊ शकतात, जेवून घेतली की मळमळ कमी होते. पण डोकं सारखं दुखून नजर अंधुक व्हायला लागली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

गरोदर बाईला शक्यतो देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो. लहान लेकरांना पण डॉक्टरच ठरवून देतात. आणि सर्दी-पडशाला तर ही गोळी काहीच करत नाही, ते व्हायरसचं काम, त्याच्याकडं डॉक्सीनं बंद पाडावा असा कारखानाच नसतो. तरी आमच्याकडं मागच्या वेळच्या उरलेल्या चार कॅप्सूल शेजारच्या पोराला खोकल्यासाठी देतात, मामीनं पण काढून ठेवल्या होत्या, मी मागून घेतल्या.